मनकर्णाबाई आणि आठवा शब्द

मनकर्णाबाई अकोल्यात माझ्या दुकानाच्या ओट्यावर फुलं घेऊन बसतात, त्याला अकरा वर्षं झाली. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. आत पिको-फॉलची एक मशीन, ब्लाउज शिवायची दुसरी. ओटा ना माझा, ना त्यांचा, घरमालकाचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "सावली किती वाजेलोक रायते इथं?" मी म्हटलं, चारपर्यंत. त्या बसल्या. तेव्हापासून बसल्याच आहेत.

त्यांचं गाव बार्शीटाकळीच्या अलीकडे. माळ्याचं घर, दोन एकरात झेंडू, शेवंती, थोडा मोगरा. त्यांचे मालक सूर्यभानभाऊ सकाळी फुलं तोडून देतात आणि या पोतं घेऊन ऑटोत बसतात. सूर्यभानभाऊंना मी अकरा वर्षांत सात-आठ वेळा पाहिलं असेल आणि त्यांचे सात-आठच शब्द ऐकले असतील. त्यांच्या वाटचं सगळं बोलणं मनकर्णाबाईंकडे आलं असावं. गिऱ्हाईक असो-नसो, त्या बोलतच असतात. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवतात, ओल्या गोणपाटावरची फुलं उचलतात आणि फुलांशीच बोलतात. "तू काय व, तुले देठच नाई. तुले कुठी बसवू? चाल, मांगं बस."

मंदिराचे हार त्यांच्याकडून जातात, लग्नाचे सेहरे जातात आणि गुरुवारी दर्ग्याची चादरही जाते. चादर बांधायची असली की त्या आधी चूळ भरून येतात. कोणी सांगितलेलं नाही त्यांना. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तंबाखू खाल्ली असते न व तोंडात."

माझं नाव इफ्फत. त्यांच्या तोंडी ते कधी आलंच नाही, त्या मला इप्पत म्हणतात. मीही दुरुस्त केलं नाही.

रय्यान आमच्या लग्नाच्या सातव्या वर्षी झाला. चालायला लागला तशी मी त्याला दुकानात आणू लागले, कारण घरी सासूबाईंचे गुडघे धरलेले आणि रय्यानचे अब्बू शाहनवाज आठवडी बाजारांत कपडे विकायला जातात, आज मूर्तिजापूर, उद्या दुसरं गाव. दुकानात मशीनच्या पायडलमध्ये त्याचा हात जाईल ही भीती. म्हणून तो ओट्यावर, मनकर्णाबाईंच्या टोपल्याशेजारी. मी आतून बघत असायचे. बघत म्हणजे मान वर करून एकदा, मग पुन्हा खाली.

रय्यान दोन वर्षांचा झाला आणि बोलेना.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. अब्बू म्हणाले, "मेरे दादा तीन साल में बोले. फिर मरते दम तक चुप नहीं हुए." मनकर्णाबाईंनी सूर्यभानभाऊंचा दाखला दिला. "आमचे हे साठीले आले, अजून कुठी बोलाले लागले? तुह्या पोट्ट्याले काहून घाई करून राह्यली?" मी हसले. पण घरी येऊन त्याला समोर बसवायचे आणि म्हणायचे, बोल बेटा, अम्मी. बोल, अम्मी. तो माझ्या ओठांकडे बघायचा, मग माझ्या कानातल्या बाळीला हात लावायचा.

सव्वादोन वर्षांचा झाला तेव्हा कानाची तपासणी करून आणली. कान चांगले निघाले. मग मला आणखीच कळेना. कानात जातं तर मग जातं कुठे?

जिभेची गाठ सुटावी म्हणून एक दुआ आहे. ती मी पहाटे फजरच्या नमाजनंतर पढते आणि त्याच्या पाण्यावर फुंकते. तेव्हाही रोज पढत होते. गाठ कोणत्या भाषेत सुटावी ते मी कधी मागितलं नाही. मागायला हवं होतं की काय, असंही एकदा मनात आलं आणि मग त्या विचाराचीच तौबा केली.

हा भाषेचा विचार माझ्या डोक्यात घातला कहकशाँबाजींनी. माझ्या मोठ्या नणंद. अमरावतीला इंग्रजी शाळेत शिकवतात, पहिलीच्या मुलांना. ईदला आल्या, रय्यानला मांडीवर घेतलं, तासभर त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला आणि मला आत बोलावलं.

"इफ्फत, खिचड़ी पका रखी है तुम लोगों ने. दादी की उर्दू, तुम्हारी मराठी, टीव्ही की अलग, और ऊपर से वो फूलवाली. बच्चा बोले तो किस में बोले?"

मी म्हटलं, बाजी, आपण सगळे असेच वाढलो की.

"हम बोलते थे," त्या म्हणाल्या.



बाजींनीच अमरावतीत बोलण्याच्या उपचाराच्या मॅडमची वेळ घेतली. मॅडमचं नाव आकांक्षा. वयाने माझ्यापेक्षा लहान, पुण्याकडच्या, बोलणं स्वच्छ आणि सावकाश. खोलीत गादी घातलेली आणि लाकडी बैल, चमचे, कपबशा. रय्यानला त्यांनी बोल म्हटलंच नाही. बैल त्याच्यासमोर ठेवला आणि गप्प बसल्या. आम्ही पण बसलो. बाजींना ते जड जात होतं.

मग मॅडमनी मला विचारलं, "दिवसभर तुम्ही त्याच्याशी काय काय बोलता?"

मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. खरं सांगायचं तर दिवसभर माझ्या तोंडात टाचण्या असतात. एक काढायची, कापडाला लावायची, दुसरी काढायची. रय्यानने काही दाखवलं की मी ओठ मिटूनच हं म्हणते, नाहीतर अंहं. मी मॅडमना ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आणि दिवसभर तो कुणाजवळ असतो?"

"ओट्यावर. एक फुलवाल्या बाई आहेत."

"त्या बोलतात का त्याच्याशी?"

"देहाती बोली बोलती है," बाजी मध्येच म्हणाल्या.

मॅडमनी एक कोरी वही आणायला सांगितली. महिनाभर त्याचा प्रत्येक शब्द त्यात लिहायचा. कोणत्याही भाषेतला चालेल. अर्धा असला तरी चालेल, एकाच वस्तूला तो रोज तोच आवाज काढत असेल तर तो शब्दच. तो ज्याच्याकडे बघतो त्याचं नाव घ्यायचं आणि मग थांबायचं, त्याला वेळ द्यायचा. बोल, बोल करायचं नाही. अर्धा म्हणजे नेमका किती अर्धा, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

बाहेर पडलो आणि बाजी म्हणाल्या, "सुना ना? एक ही ज़बान." मी तर असं ऐकलं नव्हतं. पण मॅडम मध्येच असं काही म्हणाल्या असतील आणि माझंच लक्ष नसेल, असंही वाटलं. बसस्टँडवर बाजींनी ठरवून टाकलं. महिन्याने वही वाढलेली नसली तर रय्यान सहा महिने त्यांच्याकडे राहील. मॅडमची खोली त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. घरात एकच भाषा, वेळेवर जेवण, फूलवाली नाही. फोनवर अब्बूंनाही ते पटलं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत रय्यान माझ्या मांडीवर झोपला होता आणि मी त्याच्या केसांत बोटं घालून बसले होते.

वही आणली. पहिल्या आठ दिवसांत सात शब्द झाले. पा, म्हणजे पानी. अब्बा. भू, कुत्र्याला. टाटा. नै. अल्ला, हा अजान झाली की बोट वर करून. आणि दे.

त्यातही माझा गोंधळ. नै हा नहींचा की नाहीचा? दे तर दोन्हीकडे सारखाच. बाजी फोनवर विचारायच्या, उर्दूचे किती झाले? मी म्हणायचे चार. मग मला वाटायचं पाच. अम्मी त्यात नव्हता.

नवव्या की दहाव्या दिवशीची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. मी मशीनवर. बाहेर मनकर्णाबाई चादरीच्या लडी ओवत होत्या. त्यांची एक पद्धत आहे, फूल वर धरतात आणि विचारतात, "कोनतं देऊ? पिवयं का लाल?" आणि हात तसाच वर ठेवून बसतात. गिऱ्हाईक आलं तरी हात खाली येत नाही. रय्यान बोट दाखवेपर्यंत बसतात. त्या दिवशी मी मान वर केली तर त्याने दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले होते आणि तो मोठ्याने म्हणाला,

"माय!"

इतकं स्वच्छ. माझी मशीन थांबली.

"हाव बाप्पा, घे," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्याला जवळ ओढलं.

रस्त्यापलीकडे शकुन भाजीची गाडी लावते. तिने ऐकलं. तिच्या तोंडाला कधी झाकण नसतं. "काय व मनकर्णा, आजी व्हाच्या वयात लेकरू झालं काय तुले?"

"झालं त झालं, तुले काय बारशाले बलावू?"

दोघी हसल्या. मी हसले नाही. मी बाहेर गेले, रय्यानला उचललं आणि आत आणलं. तो रडायला लागला. मनकर्णाबाईंचा हात हवेत तसाच होता.

"काय झालं व इप्पत?"

"तुमाले माय म्हनला तो."

"मले?" त्यांनी जरा विचार केला. चेहऱ्यावर काहीतरी आलं, आनंद होता की भीती, मला कळलं नाही. "आता म्हनला अशीन. लेकरू हाय."

"मले अजून अम्मी नाई म्हनला."

त्यांना बोलायला शब्द सापडला नाही असं मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

तो शब्द मी वहीत लिहिला नाही. आठवा शब्द म्हणून जागा सोडली आणि पान मिटलं. त्या रात्री नमाजला उभी राहिले तर रकअतींची मोजणी चुकले. हे मी बाईंना कधी सांगितलं नाही. त्यांचं काही चुकलं होतं असंही मला म्हणता येत नव्हतं. तेच तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवसापासून रय्यान आत. दाराला आडवं स्टूल लावलं. मी ठरवलं होतं, टाचण्या डबीत ठेवायच्या आणि त्याच्याशी बोलायचं. मी बोलत होते. हा धागा, ये कैंची, ही बटनं. दोन वाक्यांत तीन भाषा व्हायच्या, मग मी घाबरून थांबायचे, की कोणती धरू? तो स्टुलावर हनुवटी टेकून बाहेर बघत बसायचा. बाहेर मनकर्णाबाई फुलांशी बोलायच्या, पण हळू. आठ दिवसांत वहीत एकही शब्द वाढला नाही. उलट टाटा बंद झाला.

नवव्या दिवशी मी एका नवरीच्या ब्लाउजचं माप लिहीत होते. टेप गळ्यात. रय्यान खाली बसला होता. त्याने वर पाहिलं, सरळ माझ्याकडे, आणि म्हणाला, "माय."

मी खाली बसले, त्याला कवटाळलं. अम्मी नाही तर नाही, माय तर माय. कोणत्याही भाषेत मी त्याची आईच की. मी दारातून ओरडले, "बाई, मले म्हनला! मले माय म्हनला!"

मनकर्णाबाई स्टुलावरून वाकल्या. रय्यानने पुन्हा म्हटलं, "माय," आणि माझ्या गळ्यातला टेप धरून ओढला.

बाई एकदम हसायला लागल्या. मग तोंडावर पदर घेतला, पण हसू थांबेना.

"अवो, थो तुले नाई म्हनून राह्यला. थो तुह्या गयातली माय मांगून राह्यला. माय, माय! फुलाची असते न थे!"

मला कळायला एक क्षण लागला. माळ.

आता हे सांगायला हवं. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. वर्गात आम्ही तिघीच मुसलमान मुली. घरची बोली उर्दूची, त्यामुळे ळ जिभेवर बसेना. वर्गाच्या बाईंनी महिनाभर मला काळी, पिवळी, केळी म्हणायला लावलं आणि माझा ळ असा बसला की वर्गातल्या माळ्या-कुणब्यांच्या मुली कायी, पिवयी, केयी म्हणून पट्टी खायच्या आणि बाई माझं नाव घ्यायच्या. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे थोडा. मनकर्णाबाईंशी मी वऱ्हाडी बोलते, पण ळ माझा ळच राहतो. आणि त्या ळ कधी म्हणतच नाहीत. त्यांच्या तोंडी माळेची मायच होते.

म्हणजे रय्यान ओट्यावर फुलाची माळ मागत होता. आणि आज टेप मागत होता, कारण तोही लांब आणि गळ्यात.

"मंग त्या दिवशी तुमाले नाई म्हनला?" मी विचारलं.

"कोनाले मालूम?" त्या म्हणाल्या. हसू थांबलं होतं. "हातात माय बी होती आन् मी बी होती. आन् मी सोताच दिवसातून शंभर डाव माय व माय म्हनत बसली असते. पाठीत चमक भरली का माय व माय, फुलं सांडले का माय व माय. तेच उचललं अशीन."

म्हणजे तीन अर्थ झाले. मी टेप काढून टेबलावर ठेवला आणि दूर जाऊन उभी राहिले. "बेटा, माय कुठे? माय किधर है?" त्याने टेपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल ढकललं आणि बाहेर जाऊन टोपल्यात हात घातला.

"पाह्य," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तिघाइतलं कोनी नाई. त्याले शेवंती पायजे."

स्टूल मी पुन्हा आडवं लावलं नाही. पण महिना भरत आला होता आणि वहीत सातच शब्द होते. अमरावतीला जायच्या आदल्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. वही, बाजी, सहा महिने. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दोरा तोडायच्या थांबल्या.

"सहा मयने? आन् बोलाले लागला त आपल्याशी कसा बोलन थो?"

"बोलाले त लागन."

त्यांनी गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. "मी येऊ काय संग?"

"आन् फुलं?"

"शकुन पाहीन फुलाइले. तोंड हाय न तिले."

बाजींना त्या दिवशी शाळेतून सुटी मिळाली नाही. बसमध्ये मनकर्णाबाईंनी खिडकीजवळची जागा रय्यानला दिली आणि अकोला सुटल्यापासून प्रत्येक झाड, प्रत्येक म्हैस, प्रत्येक ट्रक त्याला नाव घेऊन दाखवला. मी वही मांडीवर धरून बसले होते.

आकांक्षा मॅडमनी वही पाहिली. सात. पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही, पण त्यांनी पेन उचललं तेव्हा मी रय्यानचा हात धरला. मग त्यांनी रय्यानसमोर चित्रांची कार्डं मांडली. मनकर्णाबाई दाराशी पाय दुमडून बसल्या होत्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या.

पहिलं कार्ड केळ्याचं.

"केय," रय्यान म्हणाला.

मॅडमनी लिहिता लिहिता हळूच म्हटलं, "ळ अजून येत नाही."

"कायले नाई येत?" दाराकडून आवाज आला. "केयच म्हनते आमी. पुरं म्हनला थो."

मॅडमनी मान वर केली. "तुम्ही याला काय म्हणता?"

"केय. मंग काय म्हनाचं?"

मॅडमनी दुसरं कार्ड ठेवलं, डोळ्याचं. "डोया," रय्यान म्हणाला आणि स्वतःच्या डोळ्यात बोट घातलं. मग काळ्या कुत्र्याचं कार्ड आलं. तो भू म्हणाला, आणि थोडं थांबून, "काया." मॅडम थांबल्या होत्या म्हणून तो म्हणाला. मी असते तर पुढचं कार्ड टाकलं असतं.

केय मी ऐकलेलं होतं. घरी रोज तो केळ्याकडे हात करून कै, कै करायचा. सासूबाई म्हणायच्या, केला बोल. मी म्हणायचे, केळं बोल. तो गप्प व्हायचा. आम्ही दोघी केला आणि केळं ऐकायला बसलो होतो, त्यामुळे केय कानात शिरून बाहेर जायचं.

मॅडमनी वही मनकर्णाबाईंसमोर धरली. त्यांना फारसं वाचता येत नाही. "तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या, "मी लिहिते."

मनकर्णाबाईंनी बोटांच्या पेरांवर सांगायला सुरुवात केली. झेंडूला झेनू. मोगऱ्याला मोगा. दोऱ्याला दोया. "गाय आली का 'पाय' म्हनते थो, म्हंजे पय, पयून जाय." ओलं म्हणजे ओय. शकुनला कुन. ऑटोला टो. "आन् पोलीस आला का 'चाल' म्हनते, थे मीच शिकवलं." मध्येच थांबून आठवायच्या, रय्यानकडे बघायच्या. मॅडम लिहीत होत्या. सव्वीस झाले. त्यात दोन-दोन शब्दांची वाक्यंही दोन निघाली, अजून दे आणि माय दे.

"माय म्हणजे आई?" मॅडमनी विचारलं.

मी आणि मनकर्णाबाई एकमेकींकडे बघायला लागलो.

"माळ," मी म्हटलं.

"माळ असन," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी ळ म्हटला! मॅडमसाठी म्हटला, फार जोर लावून. "पन इप्पत म्हनते का मले म्हनला. आन् मले वाटते का हिले म्हनला अशीन एखाद डाव. आन् मी सोता बी माय माय करतो न."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग हा एक शब्द धरू, की दोन, की तीन?"

मॅडमनी तो लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग त्यांनी मला समजावलं. तो मागे आहे, हे खरं. पंधरा दिवसांनी यावं लागेल, घरी रोज करायच्या गोष्टी त्या देतील. पण तो बोलतो आहे. घरात तीन भाषा असल्याने मूल मुकं राहत नाही, ज्याला ज्या भाषेत मोकळं बोलता येतं त्याने तीच बोलावी. आणि ज्या माणसाजवळ त्याच्या तोंडून शब्द निघतात, त्या माणसापासून आत्ता त्याला हलवू नये. हे त्यांनी एका कागदावरही लिहून दिलं, कारण मी म्हटलं, माझ्या नणंदेला लेखी लागेल.

परतताना मला खूष व्हायचं होतं. नीट जमत नव्हतं. सातवरून सव्वीस ही अल्लाची मेहरबानीच, मी मनात शुक्र अदा केला. पण ते नवे एकोणीस माझ्या दारात, माझ्यापासून चार हातांवर बोलले जात होते, आणि त्यांतले बहुतेक मी शब्द म्हणून ऐकलेच नव्हते. माझ्याहून माझं लेकरू दुसऱ्या बाईला जास्त कळतं, याचं वाईट वाटून घ्यावं की नको? मी मनकर्णाबाईंना विचारणार होते. त्या बदनेऱ्याच्या पुढे तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या.

अब्बूंना कागद दाखवला. ते म्हणाले, ठीक है, यहीं रहेगा, पण बाजीला तूच सांग.

बाजींचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला, दुकानात. मनकर्णाबाई जेवायला बसल्या होत्या. मी आकडा सांगितला. त्या खूप खूष झाल्या. मग विचारलं, "उर्दू के कितने?"

मी म्हटलं, बाजी, बरेचसे वऱ्हाडीतले आहेत. कागद वाचून दाखवला. 

"मतलब नहीं भेजोगी," त्या म्हणाल्या. रागाने नाही. त्यांनी त्याच्यासाठी खोली रिकामी केली होती, पडदे लावले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या घरी लेकरू नाही. मी फोन स्पीकरवर टाकून रय्यानसमोर धरला आणि म्हटलं, बेटा, बघ कोण आहे.

त्याने फोनकडे पाहिलं. मग इकडे तिकडे. आणि मोठ्याने म्हणाला, "बाजी!"

"सुना?" कहकशाँबाजी ओरडल्या. "मुझे बाजी बोला! इफ्फत, सुना तुमने? मेरा नाम लिया!"

मनकर्णाबाईंनी डबा त्याच्याकडे सरकवला. "भाजी मांगून राह्यला थो," त्या हळू आवाजात मला म्हणाल्या. "मेथीची आवडते त्याले."

फोनवर बाजी हसत होत्या, रडत होत्या की काय कोण जाणे, पुन्हा बोल म्हणत होत्या. सगळं घर त्यांना बाजीच म्हणतं, त्यानेही ऐकलेलं असणार. डबाही समोर उघडा होता. मनकर्णाबाई मला बोट ओठावर ठेवून खुणावत होत्या, की सांगू नको. सांगायचं काय, मलाच माहीत नव्हतं.

मी वही उघडली, बाजी लिहिलं, आणि पुढे काय अर्थ लिहावा म्हणून पेन धरून बसले. रय्यानने तोवर भाजीत बोट बुडवून चाखलं होतं आणि फोनकडे बघून तो काहीतरी तिसरंच म्हणत होता.